पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन आणि साताऱ्याचे घाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं माझ्या हातात आहे. यवतेश्वरच्या घाटात ती आधी कशी झोकांड्या खायची आणि आता कशी वळते, हे ज्यांनी पाहिलंय ते पेट्रोल भरताना, लग्नाच्या मांडवात, कुठेही गाठून तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून पुढच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे पुढची चाकं गाडीला जोडणारे आर्म, स्प्रिंग आणि शॉकअप यांच्याबद्दल, एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी इंजिनिअर नाही. नोकरी सांभाळून रविवारी गाडीखाली आडवा होणारा माणूस आहे. जे येतं ते एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. खाली ‘मिस्त्री’ म्हटलंय ते हेच.

गाडी वळणावर फार झुकते. जाड स्प्रिंग घालू का?

नको. निदान आत्ता तरी नको. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या दहा गाड्यांपैकी आठ-नऊ गाड्यांना स्प्रिंगचा आजारच नसतो. आजार ढिलाईचा असतो. चाळीस वर्षांचे रबरी बुश (सांध्यातल्या नळ्या), ग्रीस न पाहिलेली किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ), खुळखुळणारा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक) आणि तेल सोडून बसलेले शॉकअप (स्प्रिंगचे झोके थांबवणारे). अशा गाडीत जाड स्प्रिंग घातली, की ढिलाई तशीच राहते आणि वर खड्ड्यांचे दणके वाढतात.

आधी हे तपासा. पुढचं चाक उचला, घोडी (जॅक स्टँड) लावा. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. खट्खट् लागलं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खट्खट् गेली, तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिली, तर किंगपिन किंवा आर्मचे बुश. मग चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. तिथला प्ले (ढिलाई) टाय रॉड एंडचा, आयडलर आर्मचा (स्टिअरिंगची जोडणी दुसऱ्या बाजूने धरणारा) किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. नेमका कुठला ते ओळखायला एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवावं आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोट ठेवून बसावं. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेला. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं.

माझ्या गाडीत हे सगळं बदलल्यावर, स्प्रिंगला हात न लावता, अर्धं काम झालं होतं. मिस्त्रींचं म्हणणं असं, की आधी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी करा, मग तिला सुधारा. माणसं पहिली पायरी गाळतात, कारण त्यात मित्रांना दाखवण्यासारखं काही नसतं.

मुळात या गाडीला पुढे असतं तरी काय?

पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याला बनवली. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली हीच गाडी 1970च्या दशकात पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, मागे पाट्यांवर बसलेला सरळ अॅक्सल, आणि पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र: वर एक आर्म, खाली एक आर्म, कॉइल स्प्रिंग, नळीचा शॉकअप आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार.

वर-खाली दोन आर्म असलेली ही रचना गरिबाघरची नाही. शर्यतीच्या गाड्यांना आजही तीच असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या नव्या गाड्यांना पुढे साधा स्ट्रट असतो, म्हणजे वरचा आर्म नाही, स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच उभा खांब. दोन आर्मचा फायदा असा, की चाक वर-खाली होताना ते किती कलावं हे आर्मच्या लांबीवरून आणि कोनावरून ठरवता येतं. म्हणजे गाडी झुकली तरी टायरचा तळवा रस्त्यावर शक्य तितका सपाट ठेवता येतो. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे: तळवा सपाट राहिला पाहिजे.

गाडी झुकते म्हणजे उलटायला निघते, असं का वाटतं?

पोटात गोळा येतो म्हणून. झुकणं आणि पकड सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. चौघं बसलेली पद्मिनी ढोबळमानाने 1150 किलो धरा, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सव्वा मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर. जोरात घेतलेल्या वळणावर बाहेर फेकणारी ओढ वजनाच्या चार दशांश मानली, तर 1150 गुणिले 0.4 गुणिले 0.55, भागिले 1.25. साधारण 200 किलो वजन आतून बाहेर जातं. या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही, हे बघा. स्प्रिंग दगडासारखी ताठ करा, 200 किलो जाणारच. ते कमी करायचे तर गाडी रुंद करा, खाली घ्या, नाहीतर वेग कमी करा. तिसरा उपाय फुकट आहे.

मग ताठ करण्याने मिळतं काय? झुकणं कमी होतं, त्यामुळे बाहेरचं चाक कमी कलतं आणि तळवा जास्त सपाट राहतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच ऐकते. आणि पुढे-मागे ताठपणा कसा वाटलाय, त्यावर त्या 200 किलोंपैकी पुढच्या टायरने किती आणि मागच्याने किती झेलायचे हे ठरतं. एवढाच खेळ आहे, पण गाडीचा सगळा स्वभाव त्यातून बनतो.

बुश रबरी घालू की पीयूचे (पॉलीयुरेथेनचे)?

घाटात मजा हवी आणि थोडी घरघर चालणार असेल, तर पीयू. रोज आईवडिलांना घेऊन दवाखान्यात जायचं असेल, तर रबरी. माझ्या गाडीत खालच्या आर्मला आणि स्टॅबिलायझरला पीयू आहेत, वरच्या आर्मला रबरी. हा माझा तोडगा आहे, शास्त्र नव्हे.

पीयूचे बुश कोरडे बसवू नका, सिलिकॉन ग्रीस लावा. नाहीतर पहिल्या पावसानंतर झोपाळ्यासारखे कुरकुरतात. साधं पेट्रोलियम ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं. टर्नरकडून नायलॉनचे बुश करून घेणारे पुष्कळ आहेत. स्वस्त पडतात हे खरं. पण नायलॉन दबत नाही, आणि जो दणका रबर गिळायचं तो आर्मच्या बोल्टपर्यंत आणि तिथून बॉडीच्या पत्र्यापर्यंत जातो. ज्या पत्र्याने चार दशकं पावसाळा पाहिलाय, त्याच्याशी असा खेळ करू नये.

आता बुश बसवताना होणारी चूक. ती मी जवळजवळ प्रत्येक गॅरेजात पाहिली. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. त्याची बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली बोल्टने आवळलेली, आणि मधलं रबर पीळ खातं. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर तीच त्या रबराची ‘आरामाची’ जागा ठरते. गाडी खाली उतरवली की बुश कायमचा पिळलेला. चार महिन्यांत फाटतो, वर गाडी एका बाजूला उंच दिसते. म्हणून बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग शेवटचं आवळा. खाली हात जात नसेल तर चारही चाकं रॅम्पवर चढवून आवळा, पण वजन चाकांवरच हवं.

स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली घेतली तर?

हे मी केलंय, त्यामुळे अधिकाराने सांगतो. पंचविशीत होतो. एका गॅरेजवाल्याने गॅस कटरने अर्ध्या तासात दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा उडवून दिला. गाडी दिसायला झकास झाली. पहिल्याच आठवड्यात कोरेगावच्या रस्त्यावर एका गावाबाहेरच्या गतिरोधकावर पोट घासलं. महिनाभराने लक्षात आलं, की वळणाच्या मध्यावर जरासा उंचवटा आला की पुढची चाकं एकदम रस्ता सोडतात आणि गाडी सरळ कठड्याकडे निघते.

कारण साधं होतं, पण ते कळायला मला मिस्त्री भेटावे लागले. खाली बसलेल्या गाडीच्या आर्मला वर जायला जागाच उरली नव्हती. वळणावर बाहेरचं चाक दबलं की आर्म थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे आर्मला शेवटी अडवणाऱ्या, रबरावर बसायचा. त्या क्षणी ते चाक बिनास्प्रिंगचं होतं.

शिवाय जे मिळेल असं वाटतं ते मिळतही नाही. आठ कामाचे (टोकाचे टेकलेले सोडून बाकीचे) वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा गेला, तर ती आठाला सात या हिशेबाने ताठ होते, म्हणजे फक्त 14 टक्के. उंची मात्र दुपटीने जाते. स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्यावर बसलेली धरली, तर स्प्रिंगपाशी 20 मिलिमीटर कमी झाले की चाकापाशी 40 कमी होतात. गॅसच्या आचेने तारेचं पाणी (तापवून-थंड करून पोलादाला दिलेला कडकपणा) जातं ते वेगळंच. आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

त्यात आर्मचे कोन बदलतात. टाय रॉड ज्या कमानीत फिरतो आणि आर्म ज्या कमानीत फिरतात त्या जुळेनाशा होतात. मग खड्डा आला की स्टिअरिंग न हलवता चाक आपोआप आत-बाहेर वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. हात स्थिर, गाडी नाही.

भंगारातून जुन्या मापाच्या दोन स्प्रिंगा शोधून पुन्हा घातल्या. कापलेल्या दोन्ही अजून माळ्यावर आहेत.

मग स्प्रिंग ताठ करायची योग्य रीत कोणती?

नवीन वळून घ्या. पुणे आणि कोल्हापूर पट्ट्यात नमुन्यावरून स्प्रिंग करून देणारे आहेत. त्यांना नमुना देऊन ‘जरा कडक करा’ एवढंच सांगू नका. चार मापं द्या: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, कामाचे वेढे, मोकळी उंची.

तारेच्या जाडीशी सांभाळून. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिलिमीटरऐवजी 13ची तार घेतली, तर दिसायला एक मिलिमीटर, पण स्प्रिंग जवळजवळ 38 टक्के ताठ. आपल्या रस्त्यांना 15 ते 20 टक्के पुष्कळ झाले, म्हणजे तारेत अर्धा मिलिमीटर. जाड तारेची स्प्रिंग वजनाखाली कमी दबते, म्हणून मोकळी उंची त्या हिशेबाने कमी करून घ्या, नाहीतर गाडी नाक वर करून उभी राहील. तार सिलिको-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियमची, पाणी दिलेली आणि शॉट पीनिंग (बारीक छर्रे मारून तारेचा पृष्ठभाग टिकाऊ करणं) केलेली हवी. पीनिंग का, असं दुकानदारानेच तुम्हाला विचारलं, तर दुकान बदला.

मला स्वतःला साध्या रस्त्यासाठी जुन्या मापाच्याच पण नव्या स्प्रिंगा आवडतात. माझ्या गाडीत आता त्याच आहेत.

शॉकअप कुठले?

लांबीत बसणारे, हे पहिलं. चाक पूर्ण लोंबकळताना आणि आर्म पूर्ण वर टेकलेला असताना, अशी दोन मापं घ्या. शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी पहिल्या मापापेक्षा थोडी जास्त हवी आणि मिटलेली दुसऱ्यापेक्षा कमी. दुसऱ्या गाडीचा शॉकअप ‘बसतो’ म्हणून लावणारे एवढंच बघतात, की वर-खालचा बोल्ट लागतोय. मग खड्ड्यात शॉकअपच बंप स्टॉपचं काम करतो आणि दोन हजार किलोमीटरमध्ये तेल ओकतो.

दुसरं, स्प्रिंग ताठ केली तर शॉकअपही थोडा कडक हवा, पण तितकाच नाही. हिशेब वर्गमुळाचा आहे. स्प्रिंग 20 टक्के वाढली तर शॉकअप 10 टक्के पुरे. फार कडक शॉकअप खडबडीत रस्त्यावर चाकाला खाली यायलाच वेळ देत नाही. चाक हवेत, पकड शून्य.

कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत आहे. गाडी वर येऊन एका झोक्यात थांबली पाहिजे. ही चाचणी मेलेला शॉकअप ओळखते. अर्धमेला ओळखत नाही.

स्टॅबिलायझर बार जाड केला तर?

कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक दाखवणारं काम हेच, आणि अर्धवट समजून केलं जाणारंही हेच.

सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तेव्हा बार काहीच करत नाही, नुसता फिरतो. म्हणून बसणाऱ्याला कडकपणा जाणवत नाही. गाडी झुकली, एक चाक वर आणि एक खाली गेलं, की तो पीळ खातो आणि झुकणं अडवतो. इथेही तोच चौथा घात. 16चा बार 18 केला तर 60 टक्के ताठ, 20 केला तर जवळजवळ अडीचपट.

मग 20चाच का नको? कारण आधीच्या हिशेबातले 200 किलो. पुढचा बार जाड केला की त्यातला मोठा वाटा पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो. ही गाडी तशीही वळणावर नाक बाहेर काढणारी, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तेवढी न वळणारी. बार फार जाड केला, तर झुकणं थांबेल आणि नाक जास्तच बाहेर जाईल. मला 18 पुरला. त्याबरोबर बारचे बुश आणि टोकाच्या लिंक नव्या घ्या. ढिल्या लिंकमध्ये जाड बार म्हणजे पहिल्या दोन अंशांपर्यंत काही नाही आणि मग एकदम धक्का. बार ज्या ब्रॅकेटने बॉडीला धरलाय तिथला पत्रा टोकरून बघा. गंजलेला असेल तर आधी ते वेल्डिंग.

मागे जाड बार घालून ‘समतोल’ साधायचा सल्लाही मिळतो. मागे सरळ अॅक्सल आणि मागच्याच चाकांना ताकद. मागे फार ताठ केलं तर चढाच्या वळणावर आतलं मागचं चाक हलकं होऊन जागेवर फिरतं. पावसात केळघरच्या घाटात हा अनुभव घेऊ नका.

व्हील अलाइनमेंटवाले म्हणतात, ही गाडी आमच्या मशीनवर होत नाही. काय करू?

मलाही एका चकचकीत दुकानातून असंच परत पाठवलं होतं. कॉम्प्युटरच्या यादीत गाडीचं नाव नाही, एवढंच कारण. मशीन कोन मोजतं, त्याला गाडीचं नाव लागत नाही. पण वाद घालण्यात वेळ घालवू नका. ओळंबा, दोरा आणि पाण्याची नळी, गवंड्याच्या या तीन वस्तूंवर काम होतं.

जमीन सपाट हवी. पाण्याच्या नळीने चारही चाकांच्या जागा तपासा, कमी असेल तिथे फरशीचा तुकडा ठेवा. चारही टायरची हवा सारखी करा. नेहमी एकटेच चालवत असाल, तर चालकाच्या जागी तुमच्या वजनाची सिमेंटची पोती ठेवा. गाडी पुढून दाबून हलवा, दोन-चार फूट पुढे ढकला, म्हणजे आर्म आपल्या जागी बसतात.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल. रिमच्या वरच्या कडेसमोर ओळंबा सोडा, वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. 14 इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण सहा ते सात मिलिमीटरचा फरक. या गाड्या जुन्या नायलॉन टायरसाठी आखलेल्या, त्या टायरना चाक वरून किंचित बाहेर कललेलं चालायचं. रेडियल टायर घातलेत, तर कॅम्बर शून्यावर किंवा अर्धा अंश आत आणा. त्याहून जास्त आत नेलं, तर टायर आतून खाईल.

कास्टर म्हणजे बाजूने बघताना किंगपिनचा मागे असलेला कल. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. हात सोडले तरी सायकल सरळ जाते ती बरीचशी त्यामुळे. कास्टर अर्धा-एक अंश वाढवला, तर महामार्गावर गाडी सरळ धरून राहते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येतं. किंमत एकच: मोती चौकात गाडी लावताना दंड भरून येतात. पॉवर स्टिअरिंग नाही, हे विसरू नका.

हे दोन्ही आर्मच्या बैठकीखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून किंवा काढून जमवायचं. कुठून किती शिम काढले ते खडूने तिथेच लिहा. डोक्यात ठेवू नका, डोकं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली असणं, सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो. दोन्ही बाजूंना मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणा आणि पुढच्या रिमच्या पुढच्या-मागच्या कडा मोजा. रेडियलला एक ते दोन मिलिमीटर आत पुरे. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग तिरकं बसेल.

अलाइनमेंटनंतरही गाडी डावीकडे ओढते.

आपले रस्ते डावीकडे उतरतेच असतात, पाणी जायला. थोडं ओढणारच. जास्त ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. तशीच राहिली, तर पुढच्या ड्रमला हात लावून बघा. एक गरम आणि एक थंड असेल, तर ब्रेक अडकतोय.

टायर किती रुंद घालू?

रिमच्या रुंदीला मानवेल तेवढेच. 145 किंवा 155 रुंदीचा 14 इंची रेडियल. 155/80ची उंची साधारण 604 मिलिमीटर, 145/80ची 588. रुंद टायर घालायला बाहेर आलेले रिम लावू नका. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि किंगपिनवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि खड्डा हातात लागतो.

सगळ्यात स्वस्त सुधारणा हवी असेल, तर टायरची तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1816 असेल तर तो 2016 सालच्या अठराव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी त्याचं रबर दगड झालंय. माझ्याकडे प्रश्न घेऊन येणाऱ्या निम्म्या गाड्यांवर असलेच टायर असतात, कारण जुनी गाडी कमी फिरते आणि टायर झिजत नाही.

मारुतीचा स्ट्रट किंवा 118 एनईचं सगळं पुढचं बसवलं तर?

मारुतीचा स्ट्रट: नाही. स्ट्रटचा भार वर मडगार्डच्या आतल्या बुरुजावर येतो. पद्मिनीत त्या जागी तसा बुरुजच नाही, नुसता पत्रा आहे. तिथे प्लेट वेल्ड करून बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. वर्षभरात पत्र्याला तडे.

118 एनई ही प्रीमियरचीच दुसरी गाडी, पण फियाट 124च्या वंशातली. नावात प्रीमियर असलं तरी घराणं वेगळं. तिचं पुढचं बसवणं म्हणजे सस्पेन्शनचं काम उरत नाही, बॉडी कापण्याचं होतं.

माझ्याकडे अँबेसेडर आहे. हेच लागू?

ढिलाई, टायर, अलाइनमेंट, बार हे सगळं लागू. स्प्रिंगचं नाही, कारण तिला पुढे कॉइल स्प्रिंगच नसते. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या या गाडीत गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन पोलादी दांडे असतात, टॉर्शन बार. आर्म वर गेला की दांडा पिळतो, तीच स्प्रिंग. गाडी पुढून बसली असेल, तर दांड्याचे खाचे सरकवून उंची परत आणता येते. इथे कापाकापीची गरजच पडत नाही. हे एक सुख.

दोन गोष्टी मात्र जपा. डावा आणि उजवा दांडा आपसांत बदलू नका. प्रत्येकाला एकाच दिशेने पीळ खायची सवय असते, उलटा पिळला तर तुटू शकतो. म्हणून काढण्याआधी रंगाने खूण करा. आणि दांड्यावर छिन्नी-हातोडीचा ओरखडा पडू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. बाकी स्टिअरिंगच्या बाबतीत अँबेसेडरवाले आमच्यापेक्षा भाग्यवान. त्यांना रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा आणि चाक, मधले सांधे कमी) आहे.

आरटीओत अडचण येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. बुश, शॉकअप, त्याच मापाच्या स्प्रिंगा किंवा बार बदलण्याने आरसीवरचा तपशील बदलत नाही. चासी कापणं, दुसऱ्या गाडीचं पुढचं बसवणं हे वेगळं प्रकरण. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी एमएच-11च्या, म्हणजे सातारा आरटीओच्या, ट्रॅकवर उभी करावीच लागते, तेव्हा लपवायला काही नसलेलं बरं.

50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 2021च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. तो विचार असेल तर वेल्डिंगला हात लावण्याआधी करा. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

हे काम घरी करता येईल?

शॉकअप, बार, अलाइनमेंट: हो. स्प्रिंग: नाही, निदान पहिल्यांदा कोणी जाणतं सोबत असल्याशिवाय नाही. चाकावर अडीचशे किलो भार असेल आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यावर असेल, तर स्प्रिंगमध्ये पाचशे किलोंचा दाब कोंडलेला असतो. ती निसटली तर माणूस वाचेल असं नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, साखळीने बांधा, तोंड त्या रेषेत ठेवू नका. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. घोड्या दोन, त्याशिवाय काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखालच्या कडेखाली.

काम झाल्यावर तपासू कुठे?

आधी रिकाम्या मैदानात, घाटात नाही. ब्रेक मारा, गोल फिरवा, उतरून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मग पहाटे यवतेश्वरचा घाट, कासचा फुलांचा हंगाम सोडून. हंगामात त्या रस्त्यावर गाडी तपासता येत नाही, फक्त क्लच तपासला जातो. एकच वळण, एकाच वेगाने, चार-पाच वेळा घ्या. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदला, पुढच्या टायरची हवा दोन पाउंड इकडे-तिकडे सुद्धा, आणि वहीत लिहा. एका दिवसात तीन गोष्टी बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा. किंगपिनला ग्रीस दर दीड हजार किलोमीटरला. पावसाळ्यात त्याआधीच.

एवढं सगळं केल्यावर पसरणीचा घाट किती वेगात चढेल?

आधी चढायची तेवढ्याच. इंजिन तेच आहे. फरक एवढाच, की मागून एसटी हॉर्न देत असताना वळणावर डावीकडे सरकून तिला वाट देताना आता माझे हात घामेजत नाहीत, आणि शेजारी बसलेली आई दाराची मूठ धरत नाही.